किरकोळ विक्रीची पाहणी नव्याने बेतताना

देशाची किरकोळ विक्री मोजणारी पाहणी बदलायची म्हटली की पहिला हात प्रश्नावलीला जातो. घोळ बहुधा ज्या दुकानांना विचारायचे त्यांच्या यादीत असतो, म्हणून सुरुवात तिथून करा. पडताळणीला गोवा बरा: राज्य लहान, पण सगळ्या अडचणी हजर.

जीएसटीची यादी पाया म्हणून घ्या. मात्र फक्त माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे वार्षिक ४० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही; म्हणजे वाड्यावरचे (गावातल्या वस्तीवरचे) लहान दुकान आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जमिनीवर बसणारी बाई, दोघेही बाहेर. दारू आणि पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीतच, आणि गोव्यात दारूची दुकाने सोडून विक्री मोजणे म्हणजे थट्टाच. अबकारी परवान्यांची यादी मागवून जोडा. पणजी, मडगाव, वास्को अशा तीन शाखांचे विवरणपत्र एकाच नोंदणीवर येऊ शकते, तेव्हा विक्री शाखानिहाय मागा. राहिलेल्यांसाठी काही वाडे आणि बाजार निवडून प्रत्यक्ष नोंद करा, तीही बाजाराच्याच दिवशी.

मग उलाढालीप्रमाणे थर पाडा. मोठी दुकाने सगळी घ्या, बाकीची नमुन्याने. ६०० लहान दुकानांतून ३० निवडली तर प्रत्येकाचा भारांक २०, म्हणजे एक दुकान बेरजेत वीस दुकानांच्या जागी उभे. त्यातले एखादे महिन्याला ५० लाख विकू लागले की बेरजेत त्याचे १० कोटी होतात. आधी फोन करून शून्य जास्त पडले नाही ना ते विचारा. आकडा खरा निघाला तर त्याचा भारांक १ करा आणि उरलेल्या २९ चा ५९९ भागिले २९, म्हणजे सुमारे २०.६६.

प्रश्न चार पुरेत: महिन्याची विक्री, ती करासह की कराविना, त्यात ऑनलाइन किती, दुकान किती दिवस उघडे. कराचा प्रश्न गाळला तर १८ टक्के कराच्या मालावर तेवढाच फरक उगाच दिसतो.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळा-भाज्यांची) खरेदी २०२५ मध्ये पुरती ऑगस्टमध्ये आली. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली तर ऑगस्ट फुगतो, सप्टेंबर बसतो. म्हणून आकड्यांतून ऋतुमानाचा परिणाम काढून टाकताना सणाआधीचे दहा-पंधरा दिवस वेगळे धरा.

जुनी आणि नवी पाहणी १२ महिने सोबत चालवा, थरनिहाय नव्या आणि जुन्या आकड्यांचे गुणोत्तर काढा आणि त्याने जुन्या आकड्यांची मालिका नवीला जोडा. पैसे कमी पडले तर जुन्या पाहणीचा नमुना घटवा, महिने कापू नका. मार्च ते ऑगस्टच्या गुणोत्तरात पर्यटनाचा हंगाम जवळजवळ येतच नाही.