एकदाच सापडलेला लुवियन शब्द कसा अभ्यासायचा

मी परभणीत संस्कृत शिकवते. लुवियन या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन भाषेत मेंढीला 'हावि' म्हणतात हे कळलं की आमची पोरं लगेच 'अवि' म्हणत संस्कृत कोशाकडे धावतात. हे नातं खरंच आहे. पण दुर्मीळ शब्द हाती आला की कोश सगळ्यात शेवटी उघडायचा.

आधी शब्द कुठं आला ते बघा. मातीच्या पाट्यांवर कीलाक्षरांत असेल तर मेल्चर्टचा १९९३चा कोश, दगडावर चित्रलिपीत असेल तर हॉकिन्सचा २०००चा संग्रह. चित्रलिपीची १९७०पूर्वीची वाचनं घेऊ नका. पुढं काही चिन्हांचे उच्चारच बदलले. आणि रोमन लिपीत उतरवलेल्या लुवियन शब्दातल्या 'झेड'ला झ म्हणू नका. तो त्स आहे, पेरणीच्या चाड्यातला आपला च. परभणीच्या पोराला हा उच्चार शिकवावा लागत नाही!

आता शब्दाचे शेजारी वाचा. इस्तानुवा या गावाच्या विधीतल्या गाण्याची एक ओळ घ्या: 'आह्हा-ता-त्ता आलाति आविएन्ता विलुसाति'. 'आह्हा' म्हणजे जेव्हा, 'आविएन्ता' म्हणजे ते आले. 'विलुसाति' म्हणजे विलुसा या नगराहून. '-ति' ही पंचमी. तोच प्रत्यय 'आलाति'ला आहे, म्हणजे हे विलुसाचं विशेषण असणार. इथवर व्याकरणानं आणलं. अर्थ मात्र अजून हाती नाही. भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९८६ मध्ये 'उभ्या चढाचं' असा अर्थ सुचवला, कारण विलुसा म्हणजेच इलियॉस असं मानतात, आणि ग्रीक कवी होमर इलियॉसला, म्हणजे ट्रॉयला, तसंच विशेषण लावतो. सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. म्हणून या शब्दाच्या माझ्या कार्डावर 'विशेषण, पंचमी' शाईनं आहे, 'उभ्या चढाचं?' पेन्सिलनं, सुचवणाऱ्याचं नाव आणि साल लावून. पोरांच्या कार्डांवर मी हेच तपासते.

पेन्सिलीवर शाई केव्हा फिरवायची? शब्द द्वैभाषिक लेखात भेटला तर. १९४६ मध्ये उजेडात आलेल्या तुर्कस्तानातल्या कारातेपेच्या लुवियन शिलालेखात तोच मजकूर फिनिशियन या ओळखीच्या भाषेतही आहे. तिथं अंदाज ताडून बघता येतो.

मग संस्कृत काढा. नुसतं कानाला सारखं वाटून भागत नाही, ध्वनी नेमानं जुळले पाहिजेत. लुवियनमध्ये घोडा 'अत्सु', आपला 'अश्व'. 'त्सियरि' म्हणजे पडून आहे, आपलं 'शेते'. दोन्हीकडे त्ससमोर श. तुमच्या शब्दात अशी जोडी बसत नसेल तर साम्य कितीही गोड असो, कार्डावर चढवू नका.