ताश्कंदच्या मोझेक भिंती बघायला निघण्याआधी

पासपोर्ट, ई-व्हिसा, खिशात थोडे सोम (तिथलं चलन), फोनमध्ये ऑफलाइन नकाशा. एवढं कुणी सांगायला लागू नये. सांगायचंय ते हे: जी जी भिंत बघायची तिच्या पत्त्यापुढे तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. गेल्या वेळी माझ्या वहीत पत्ते होते, दिशा नव्हत्या. पश्चिमेच्या भिंती सकाळी गाठल्या, पूर्वेच्या दुपारनंतर. सूर्य इमारतीमागे, समोर नुसता काळपट चौकोन.

दिशेवर इतका भर का, तर ही रंगीत तुकड्यांची चित्रं बहुतेक इमारतीच्या आखूड, बिनखिडक्यांच्या बाजूवर आहेत. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजींचं जिथे निधन झालं, ते ताश्कंद त्याच वर्षी २६ एप्रिलच्या पहाटे भूकंपाने हादरलं. ३ लाखांच्या आसपास माणसं बेघर झाली. मग साऱ्या सोव्हिएत संघातून माणसं आली आणि कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पॅनेलांची घरं भराभर उभी राहिली. प्योत्र, निकोलाय आणि अलेक्झांडर या झार्स्की भावांनी त्या पॅनेलांवरच मोझेक केलं. साच्यात तुकडे आधी मांडायचे, वर काँक्रीट ओतायचं. म्हणून चित्राच्या मधून पॅनेलांचे सांधे जातात. ते बघायचेच, पण तिरकं ऊन असेल तरच नीट दिसतात. पुन्हा सांगते, दिशा लिहा. उपग्रह नकाशात इमारतीची आखूड बाजू वरून कळते, घरबसल्या होणारं काम आहे.

उत्तरेकडच्या भिंतीवर थंडीत ऊन येतच नाही. तिथे ढगाळ दिवशी जा.

दुसरं, झाडं. शहर गर्द आहे, आणि पानं आली की खालचे मजले झाकले जातात. जमलं तर नोव्हेंबरअखेर ते मार्च. उन्हाळ्यात जाणार असाल तर दुर्बीण घ्या, आणि मग माझ्याकडे तक्रार नको.

चिलानझार या भागात रस्त्याच्या नावाने शोधत बसू नका. तिथे क्वार्तालचा (वसाहतीच्या गटाचा) आकडा आणि घराचा नंबर लागतो. भिंतीचा फोटो अलीकडचा आहे ना तेही बघा, काही चित्रं रंगाखाली किंवा नव्या आवरणाखाली गेली आहेत. याचं मला फार वाईट वाटतं, म्हणूनच म्हणते, लवकर जा.

मेट्रो दुपारच्या उन्हात. तिथे जमिनीखाली दिशेचा प्रश्न नाही! १९७७ साली सुरू झाली, आणि २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. आता चालतं. कॉस्मोनावत्लार स्टेशनला घाई करू नका: निळ्या भिंती, त्यांवर खगोलशास्त्रज्ञ सुलतान उलुगबेग, अंतराळवीर गागारिन आणि तेरेश्कोवा. फ्लॅश बंद, ट्रायपॉड घरी.

हॉटेल उझबेकिस्तान, चोरसू बाजाराचा घुमट, जुनं लेनिन संग्रहालय (आता इतिहासाचं): सगळं एका दिवसात होतं. बूट मऊ. पाणी. पॉवर बँक. अंगणात बसलेल्या आजीआजोबांना आधी नमस्कार, मग कॅमेरा. रोज रात्री उद्याच्या भिंती दिशेप्रमाणे लावा, पूर्वेच्या आधी, पश्चिमेच्या शेवटी.