जुन्या आरएक्सला जाड टायर टाकताय? आधी मडगार्डच्या आत हात घालून बघा

आमच्याकडे बाबांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल आहे, इंदूरच्या राजेंद्र नगर ते महू रोज जाऊन-येऊन चाललेली आणि अजून एका किकमधे स्टार्ट होणारी. गेल्या वर्षी मी तिला मागे १००/९०-१८ साइजचा जाड टायर टाकला. टायरवाला म्हणाला, "भिया, आराम से बैठ जाएगा, सब डलवाते हैं." बसलाही. पण महूजवळच्या जाम गेटला जाताना मागे बायको बसलेली आणि एका खड्ड्यात मागून जळक्या रबराचा वास आला, थांबून बघितलं तर मडगार्डच्या आतल्या बोल्टने टायरच्या मधोमध चर पाडला होता, नखाएवढा खोल. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी टायर विकत घ्यायच्या आधी अर्धा तास गाडीखाली घालवा, एवढंच माझं कळकळीचं म्हणणं.

आधी नंबर समजून घ्या. आरएक्सला कंपनीचा टायर पुढे २.५०-१८ आणि मागे २.७५-१८. यात २.७५ म्हणजे इंचात रुंदी, आणि उंचीही साधारण तेवढीच धरायची. १००/९० मधे रुंदी १०० मिमी आणि उंची तिच्या ९० टक्के. शेवटचा १८ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. आता कागदावर हिशोब करा, मागचा मूळ टायर खालपासून वरपर्यंत सुमारे ५९७ मिमी उंच येतो आणि १००/९० येतो ६३७, म्हणजे टायर मडगार्डकडे २० मिमी वर सरकतो आणि दोन्ही बाजूंना १५-१५ मिमी फुगतो. ३.००-१८ घेतला तर वर फक्त ६ मिमी जातात, बाजूला जेमतेम ३. शिवाय मोठ्या चाकाने गिअरिंग जवळपास ७ टक्के लांब होतं, म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते आणि इंजिनला जास्त जोर लावावा लागतो, आणि ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवरच्या इंजिनला ते चढावर लगेच जाणवतं. स्पीडोमीटरची वायर पुढच्या चाकातून येते त्यामुळे मागचा टायर बदलून काटा चुकत नाही, पुढचा बदलला तर थोडा चुकतो.

गॅप मोजायला मी घरातली कणीक वापरली. लिंबाएवढा गोळा पिशवीत गुंडाळून मडगार्डच्या आत, बोल्टच्या शेजारी चिकटवायचा, दोन माणसं सीटवर बसवून चांगलं दाबायचं, मग दबलेल्या गोळ्याची जाडी मोजायची. चाक मात्र फिरवू नका. चिमट्याच्या (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आतल्या बाजूला, चेनजवळ आणि ब्रेकच्या टॉर्क रॉडजवळ (ब्रेकची प्लेट फिरू न देणारी दांडी) साध्या पट्टीने मोजलं तरी चालतं. चाक त्याच्या अॅक्सलच्या स्लॉटमधे पुढे सरकवून मोजा कारण चिमटा पुढे अरुंद होत जातो, आणि नवी चेन टाकाल तेव्हा चाक पुढेच येणार आहे. मोजलेल्या गॅपमधून नव्या टायरची वाढ वजा करून सगळीकडे निदान १० मिमी उरले पाहिजेत. बाहेरच्या शहरातले लोक ५ मधे भागवतात, पण आपल्या माळव्याची काळी माती पावसात मडगार्डमधे सिमेंटसारखी भरते, सिमरोलकडच्या एखाद्या शेतरस्त्यावर दोन किलोमीटर गेलात की कळेल, चाक अक्षरशः जाम होतं.

रिमकडे लोक बघतच नाहीत. रिमवर १.६० किंवा १.८५ असं कोरलेलं असतं, ती रिमची रुंदी, इंचात. ३.००-१८ हा १.६० वर बसतो, १.८५ वर जास्त चांगला. १००/९० अशा अरुंद रिमवर चढवला की कडा आत ओढल्या जातात आणि टायर अंड्यासारखा टोकदार होतो, मग रस्त्याला उलट कमीच टेकतो आणि वळणावर गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. रुंद टायर घेऊन पकड कमी केली, हे मला खरंच लागलं.

रुंद रिम टाकायची असेल तर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, स्पोकची किती भोकं आहेत ते मोजून तेवढ्याच भोकांची घ्या. जुनी रिम खोलायच्या आधी हबच्या कडेवर पट्टी आडवी ठेवून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, फोटोही काढा, कारण नवी रिम त्याच हिशोबाने मधोमध आणायची असते. स्पोकची लांबी रिमच्या खोलीप्रमाणे बदलते, जुने स्पोक लागतीलच असं नाही. निपलच्या (स्पोकचा नट) वर आलेली स्पोकची टोकं घासून घ्या आणि ट्यूबखाली नवी रिम टेप टाका, नाहीतर ट्यूब गेलीच समजा. ट्यूबही नव्या साइजचीच.

टायरवर बाण असतो, फिरायची दिशा बघून चढवा. चार आकडी नंबरही बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कडेला साबणाचं पाणी लावा, ट्यूबमधे थोडी हवा ठेवा, आणि कडेची रेघ रिमपासून सगळीकडे सारखी दिसते का ते बघूनच पूर्ण हवा भरा. टायरवर लिहिलेलं मॅक्स प्रेशर भरायचं नाही, गाडीच्या पुस्तकातल्यापासून सुरुवात करा. टॉर्क रॉडचा नट आणि स्प्लिट पिन स्वतः तपासा, हे मेकॅनिकवर सोडू नका, तो रॉड सुटला तर ब्रेक मारताच चाक लॉक होऊ शकतं.

मडगार्ड कापून किंवा चाकाला एका बाजूला वॉशर घालून टायर बसवून देणारेही भेटतील, त्यांना नाही म्हणा. वॉशरने चेन तिरकी चालते आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) खाते. आणि कापलेलं मडगार्ड लपत नाही, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करायला गाडी आरटीओत दाखवावी लागतेच.

मी शेवटी मागे ३.००-१८ आणि पुढे २.७५-१८ टाकले, मागे १.८५ ची रिम. पहिले १५० किमी टायर गुळगुळीत असतो, सावकाश चालवा. ३०० किमीनंतर छोट्या पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारा, टण् वाजला तर ठीक, थप् वाजला तर ढिला आहे, तेवढे कसून घ्या.