ऑइल कूलर बसवण्याआधी या चुका टाळा

मे महिना उजाडला की गॅरेजमध्ये एकच मागणी सुरू होते : बाइक फार तापते, ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे ऑइल वाऱ्याने थंड करणारी जाळी, बसवून द्या. मागणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऑइलचे तापमान कधी मोजलेले नसते. सिग्नलला पायाला धग लागली, एवढाच त्यांचा पुरावा असतो. एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंजिनाच्या फिन्स (बाहेरच्या पात्या) तापणारच, कारण आतली उष्णता बाहेर टाकणे हेच त्यांचे काम आहे. प्रश्न सम्पमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठणाऱ्या, ऑइलचा असतो, आणि त्या ऑइलला जशी वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे, याचा विचार फारसा कुणी करत नाही.

इंजिन पूर्ण तापल्यावर सम्पमधले ऑइल साधारण 90 ते 110 अंश सेल्सिअसवर असावे. दोघे बसून, सामान लादून वरंध घाट चढताना ते 120 पर्यंत गेले, तरी चांगल्या प्रतीच्या ऑइलचे काही बिघडत नाही. 130 च्या पुढे ते सतत राहू लागले, तर मात्र ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने ऑइल खराब होण्याचा, वेग वाढतो. ढोबळ हिशेबाने दर 10 अंशांना हा वेग दुप्पट होतो आणि ऑइल बदलण्याचे ठरलेले अंतर निरर्थक ठरते. कूलरची खरी गरज इथे सुरू होते. त्याआधी बसवलेला कूलर काय करतो, ते पुढच्या प्रकरणावरून कळेल.

एका पावसाळ्यात कोथरूडचा एक तरुण आपली साडेतीनशे सीसीची एअर-कूल्ड सिंगल सिलिंडर गाडी घेऊन माझ्याकडे आला. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्यावरचे हेड यांमधले पॅकिंग) गेले आहे, ऑइलमध्ये पाणी उतरले आहे, इंजिन खोलावे लागेल, असे त्याला दुसरीकडे सांगण्यात आले होते आणि खर्चाचा आकडाही ऐकवण्यात आला होता. ज्या इंजिनात मुळात कूलंट, म्हणजे थंड करणारे पाणीच नाही, त्याचे गॅस्केट गेले तरी पाणी यायचे कुठून, हा प्रश्न ना सांगणाऱ्याला पडला होता ना ऐकणाऱ्याला. ऑइल भरण्याचे झाकण काढले, तर त्याच्या आतल्या बाजूला फिकट पिवळी, चिकट साय जमलेली होती आणि तिला पेट्रोलचा वास येत होता. चौकशी केल्यावर कळले, की उन्हाळ्यात त्याने बाजारातून भलामोठा कूलर आणून बसवून घेतला होता, त्या जोडणीत ऑइल थंड असताना कूलरची वाट बंद ठेवणारा थर्मोस्टॅट नव्हता आणि घर ते ऑफिस हे अंतर जेमतेम चार किलोमीटर होते. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) जागी बसणारा थर्मामीटर लावून त्याच्याच रोजच्या वाटेवर, रिपरिप पावसात, गाडी फिरवून आणली. काटा 60 च्या वर गेला नाही.

एक लिटर पेट्रोल जळले, की साधारण लिटरभर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून वाफेच्या रूपाने निघून जाते. पण थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांमधून निसटून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, उतरते आणि तिथले धातू व ऑइल थंड असले, तर त्यातच पाणी होऊन राहते. न जळलेले थोडे पेट्रोलही याच वाटेने येते. ऑइल 90-100 अंशांवर काही वेळ टिकले, तर हे सगळे उडून ब्रीदरवाटे, म्हणजे क्रँककेसमधली वाफ सोडणाऱ्या नळीवाटे, बाहेर पडते. म्हणजे त्या तरुणाने पैसे मोजून ही सफाईच बंद पाडली होती. आम्ही कूलर काढला, ऑइल आणि फिल्टर बदलले आणि आठवड्यातून एकदा न थांबता पौडपर्यंत जाऊन यायला सांगितले. साय पुन्हा धरली नाही. इंजिन खोलावे लागले नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी चूक जोडणीची आहे, आणि तिच्यामागे बहुधा घाई असते. सुझुकीने 1985 च्या जीएसएक्स-आर 750 मध्ये ऑइलनेच इंजिन थंड करायचे ठरवले, तेव्हा वंगणासाठी एक आणि हेड थंड करण्यासाठी दुसरा, असे दोन कप्पे असलेला पंप दिला. आपल्याकडचे हौशी गिऱ्हाईक मात्र मूळच्या लहान पंपावर लांबलचक नळ्यांचा भार टाकते आणि तासाभरात काम उरकण्याची अपेक्षा धरते. माझा नियम ठरलेला आहे : ऑइलची नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर, नेमका जोर मोजणाऱ्या टॉर्क रेंचशिवाय आवळणे नाही आणि नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधलेली. जुना वॉशर उलटून बसवण्याची युक्ती ज्यांना सुचते, त्यांनी मागच्या टायरवर ऑइल उडाले तर घाटातल्या वळणावर काय होईल, याचा आधी विचार करावा. कूलर आणि नळ्यांमध्ये ऑइल मावते, म्हणून इंजिन चालवून, थोडा वेळ थांबून पातळी पुन्हा पाहावी.

रॉयल एनफील्ड हिमालयन 411 किंवा इंटरसेप्टर 650 यांना कंपनीनेच कूलर दिलेला आहे. तिथे मोठा कूलर लावण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या जाळीतला चिखल मऊ ब्रशने काढावा, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारला की पात्या वाकतात. कूलरसमोर दिवे, बॅग किंवा जादा नंबरप्लेट लावणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही. हिंजवडीच्या कोंडीत उभ्या गाडीचा कूलर जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्याला वारा लागत नाही. तिथे इंजिन बंद करणे हाच उपाय.

सकाळी स्टार्टर मारून लगेच रेस करू नये : 40 अंशांचे 20डब्ल्यू50 या जाडीचे ऑइल 100 अंशांच्या ऑइलपेक्षा सुमारे आठ-नऊ पट घट्ट असते. दहा मिनिटे उभ्यानेच इंजिन चालू ठेवणेही तितकेच चुकीचे. अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले काही किलोमीटर हलक्या हाताने चालवावी. उष्णतेवर उतारा म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा जाड ऑइल भरू नये. साइड स्टँडवर पातळी पाहून ऑइल वाढवणाऱ्यांचे इंजिन जास्तीच्या ऑइलने अधिक तापते, कारण क्रँक ते घुसळून फेस करते. लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन चकचकीत अॅल्युमिनियमवर खराखुरा आकडा दाखवत नाही, बहुधा कमीच दाखवते. मोजायचेच असेल, तर शे-पाचशे रुपये वाचवण्यापेक्षा डिपस्टिकचा थर्मामीटर घ्यावा आणि किमान वीस किलोमीटर चालवल्यावरच त्याच्याकडे पाहावे.