फोटोत नाणं भारी दिसतंय म्हणून लगेच पैसे पाठवू नका

गुजरीत किंवा ओळखीच्या माणसाकडं नाणं हातात घेऊन बघायला मिळत असेल तर आधी कडा बघा, कारण फोटो टाकणारा दोन्ही बाजू दाखवतो आणि कड कुणीच दाखवत नाही, आणि साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्याचा सांधा नेमका तिथंच असतो. राणी व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजलेला असला तर थोडा कमी भरतो, पण साडेदहा भरला तर सोडून द्या. सराफाच्या काट्यावर मिनिटात कळतंय. मग खिडकीजवळ तिरका धरून हळू फिरवा, घासून चमकवलेल्या नाण्यावर बारीक ओरखडे उठून दिसतात, फोटोत ते सपाट लाईटमध्ये गायब होतात.

पण फोटो बिनकामाचा नाही हां. शिवराईवर, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्यावर, छापायचा ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळं ‘श्री राजा शिव’मधली अक्षरं कापली जातात, अशी चार नाणी झूम करून शेजारी ठेवली की अक्षरांची वळणं जुळवता येतात, हातात धरून ते जमत नाही. ऑनलाईन घेताना वजनकाट्यावरचा, कडेचा आणि तिरक्या उजेडातला फोटो मागाच, देत नसेल तर घेऊ नका. आणि चिंचेनं घासू नका प्लीज!