अडलेलं कर विधेयक मार्गी कसं लावायचं

कर सुधारणेचं विधेयक अडलं की सगळे आधी भाषणांच्या मागे लागतात. संसदीय टिपणं काढण्यात माझी हयात गेली, म्हणून सांगतो: आधी कागद-पेन्सिल घेऊन डोकी मोजा. धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा बाबींचं) असेल तर राज्यसभा ते 14 दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. घटनादुरुस्ती असेल तर हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, वर एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. जीएसटीला तर निम्म्या राज्यांचीही संमती लागली. 2011 चं त्याचं विधेयक त्या लोकसभेची मुदत संपताच बाद झालं. नवं विधेयक मे 2015 मध्ये लोकसभेने मंजूर केलं आणि ते राज्यसभेत अडकलं, कारण तिथे सरकारकडे संख्या नव्हती.

मग 'नाही' म्हणणाऱ्यांची यादी करा. नावापुढे पक्ष लिहून थांबू नका, नेमकं कोणतं कलम खुपतंय ते लिहा. तत्त्वाचा विरोध म्हणून जो मिरवला जातो, त्याच्या मुळाशी बहुतेकदा तिजोरीच असते. माल जिथे खपतो तिथे कर जाणार, म्हणून महाराष्ट्र, तमिळनाडू, गुजरात ही उत्पादक राज्यं धास्तावली होती. त्यांच्यासाठी 1 टक्का जादा कराची तरतूद घातली, तर ती काँग्रेसला नको होती. शेवटी ती काढली. राज्यांची भीती घालवली ती भरपाईच्या कलमाने. आधीच्या मसुद्यात भरपाई 'पाच वर्षांपर्यंत' मिळू शकेल असं मोघम होतं. अंतिम मजकुरात पूर्ण पाच वर्षं आणि तीही बंधनकारक झाली. अर्थमंत्र्यांच्या तोंडी आश्वासनावर कुठलंही राज्य आपला महसूल सोडत नाही. छापील मजकूर दाखवा.

प्रत्येक सदस्यासाठी वेगळं, एकाच पानाचं टिपण करा. वर त्याच्या राज्याचा आजचा महसूल, खाली नव्या करानंतरचा अंदाज, शेवटी कलमाचा क्रमांक आणि सुचवलेली दुरुस्ती शब्दशः. पन्नास पानी अहवाल कोणी उघडत नाही. (त्याचे कार्यकर्ते तर नाहीच.)

प्रवर समितीकडे, म्हणजे विधेयकाची छाननी करणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, विधेयक गेलं म्हणून हिरमुसू नका. तिथे विरोधक आपले आक्षेप लेखी नोंदवतात, म्हणजे वाटाघाटीचा मसुदा तुम्हाला आयताच मिळतो. त्यातली एखादी मागणी मान्य केलीत, तर श्रेय मागणाऱ्यालाच घेऊ द्या. सगळंच देता येत नाही: 18 टक्क्यांची कमाल मर्यादा घटनेत घालायची काँग्रेसची मागणी मान्य झाली नाही, तरी पक्षाने बाजूने मत दिलं.

एखादा पक्ष वळतच नसेल तर त्याला सभात्याग सुचवा. 3 ऑगस्ट 2016 ला अण्णाद्रमुक राज्यसभेतून बाहेर पडला आणि जीएसटीचं विधेयक 203 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. दुरुस्त्या झाल्या होत्या, म्हणून ते पुन्हा लोकसभेत न्यावं लागलं.

विधानसभांची तयारी तेव्हाच सुरू करा. आसामने 12 ऑगस्टलाच संमती दिली, महाराष्ट्राने त्याच महिन्यात विशेष अधिवेशन घेतलं.