गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यावर या चुका टाळा

१७ वर्षं झाली मला नर्सिंगमध्ये, आधी सांगलीत, आता मिरजेत. गोळ्यांनी गर्भपात हा आमच्याकडं रोजचा विषय आहे. आणि आधीच सांगते, डॉक्टरांनी तपासून, नऊ आठवड्यांच्या आत दिलेल्या गोळ्या सुरक्षित असतात, शंभरातल्या ९५ पेक्षा जास्त बायकांचं गोळ्यांवरच पूर्ण होतं, पिशवी साफ करायची वेळ येत नाही. माझा राग गोळ्यांवर नाहीच. नंतरच्या दोन-चार दिवसांत घरी काय चाललंय ते कुणी बघत नाही, बघितलं तरी बोलत नाही, आणि आमच्या दारात येतात तेव्हा बाई पांढरीफटक पडलेली असते. तेच तेच बघून जीव कंटाळला म्हणून लिहितेय. जरा लांबेल, पण वाचा.

पॅड न मोजणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. "किती गेलं अंगावरनं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "लई गेलं ओ सिस्टर." लई म्हणजे किती? दोन पॅड का बारा? कधीपासून? कुणालाच सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी विट्याच्या पलीकडच्या एका गावातली सून आणली होती, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, लांब दक्षिणेत, सणाला पंधरा दिवस येऊन गेलेला. धाकटं पोर दीड वर्षाचं, अजून अंगावर पीत होतं. दिवस गेल्याचं कळल्यावर हिनं घरात कुणाला सांगितलं नाही, मैत्रिणीच्या नवऱ्याकडनं कुठनं तरी गर्भपाताच्या पाच गोळ्यांचं किट मागवलं, तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. पहिली गोळी घेतली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या चार घेतल्या रात्री नऊला, सासूसासरे झोपल्यावर. साडेअकराला सुरू झालं. पॅड टाकायचे कुठं म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे घेतले, भिजला की न्हाणीत धुवायचा, दुसरा घ्यायचा, रात्रभर हेच. पहाटे पाचला उठून, रोजच्यासारखी चूल पेटवून भाकरीला बसली आणि तिसऱ्या भाकरीला तव्यापुढंच कलंडली.

जीप मिळवून इथं यायला दोन तास गेले. नखात ज्वारीचं पीठ तसंच होतं, आणि पिठाचा रंग आणि तळहाताचा रंग यात मला फरक दिसेना. सासू सांगतेय पाळी जास्त आलीय, तीही मान हलवतेय. बीपी ८०/५०. डॉक्टर सलाईन लावत होते, मी सासूबाईंना "मावशी, तेवढा केसपेपर काढून आणा" म्हणून बाहेर पाठवलं आणि कानापाशी वाकून विचारलं, गोळ्या घेतल्यास का गं, खरं सांग, कुणाला सांगत नाही. तेव्हा रडली आणि बोलली. हिमोग्लोबिन ५.२. रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या, क्युरेटिंग केलं, म्हणजे पिशवी साफ केली, चौथ्या दिवशी पोराला कडेवर घेऊन घरी गेली. पण मध्यरात्रीच निघाली असती तर कदाचित रक्त लावायची वेळही आली नसती, हे मला आजपण राहून राहून वाटतं.

तर हिशोब असा. मोठं पॅड, तासाला दोन पूर्ण भिजतायत, आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तिसऱ्या तासाची वाट बघायची नाही, निघायचं. आणि उठल्यावर डोळ्यापुढं अंधारी येतेय, छाती धडधडतेय, थंड घाम सुटलाय किंवा लिंबापेक्षा मोठ्या गुठळ्या एकापाठोपाठ पडतायत, तर तासही मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

मी पेशंटना माझी पद्धत सांगते. कॅलेंडरच्या मागं दुधाचा हिशोब मांडतो ना, तसाच मांडायचा, वेळ लिहायची आणि एक रेघ, अर्धं भिजलं असलं तर अर्धी रेघ. घरात लपवायचं असेल तर मोबाईलवर स्वतःलाच मेसेज टाका. त्या दोन दिवसांपुरते तरी कपडा नको, एकाच साईजचे मोठे पॅड आणून ठेवा, कपड्याचा हिशोब कुणालाच लागत नाही. आणि त्या चार गोळ्या रात्री घेऊ नका. हे कुठल्या नियमात नाही, माझं आपलं म्हणणं. सकाळी आठला नाश्ता करून घ्या, रक्तस्राव बहुतेक एक ते चार तासांत सुरू होतो, म्हणजे जोराचा भाग दिवसाढवळ्या निघून जातो, डॉक्टर जागे, गाडी मिळते, शेजारची बाई हाकेला असते. जत-आटपाडीकडनं रात्री दोनला सांगली गाठायची म्हणजे काय ते तिकडच्यांनाच ठाऊक. निदान एका माणसाला तरी सांगून ठेवा. नवऱ्याला, बहिणीला, आशाताईला, कुणालाही. आणि मोटरसायकलवर मागं बसून येऊ नका, वाटेत चक्कर आली तर पडाल.

"थोडे डाग पडले, चला झालं"

ही दुसरी, आणि मला जास्त भीती हिचीच वाटते, कारण यात बाहेरून काही दिसतच नाही.

शहरातलीच एक शिकलेली बाई, स्वतः नोकरी करणारी. सोनोग्राफी कशाला, तीन दिवसांत उरकायचंय म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं गोळ्या घेतल्या. दोन दिवस डाग पडले, तिनं समजून घेतलं झालं. सहाव्या दिवशी उजवा खांदा दुखायला लागला, तिला वाटलं पाण्याची कळशी उचलली म्हणून, बाम चोळला, शेक घेतला, झोपली. सकाळी बाथरूममध्ये पडली. गर्भ पिशवीत नव्हताच, नळीत होता, नळी फुटून पोटात रक्त साठलेलं. ऑपरेशन करून ती नळी काढावी लागली.

गोळ्या पिशवीतल्या गर्भावर काम करतात, नळीतल्या गर्भावर नाही. पोटात रक्त साठलं की श्वासपटलाला लागतं आणि दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं, म्हणून पोट सोडून खांदा दुखतो. गोळ्या घेतल्यावर एका बाजूला ओटीपोटात कळ, खांदा दुखणं, चक्कर, यातलं काहीही आलं तर बाम नको, सरळ हॉस्पिटल, मग रक्तस्राव असो नसो. आणि चार गोळ्या घेऊन २४ तास झाले तरी काहीच गेलं नाही किंवा नुसते डाग आहेत, तर ते "हलकं झालं" नसतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. एक सोनोग्राफी वाचवायला जाऊन नळी गमावलेल्या बायका मी बघितल्यात, म्हणून कुणी "सिस्टर, एका दिवसात होईल का, सोनोग्राफी न करता होईल का" असं विचारत आलं की मी तिथंच बसवून हे सगळं सांगते, त्यांना आवडो न आवडो.

ताप

चार गोळ्या घेतल्यावर हुडहुडी भरते, अंग तापतं, उलटी होते, जुलाब होतात. पहिल्या दिवशी हे चालतं, काही तासांत उतरतं. पण २४ तास उलटल्यावरही १००.४ किंवा जास्त ताप असेल, अंगावरनं घाण वास येणारं पाणी जात असेल, ओटीपोट दाबल्यावर दुखत असेल तर इन्फेक्शन धरायचं. घरातली उरलेली अँटिबायोटिक गिळून बघायची नाही. आणि ताप नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब थांबत नाहीत, अंगात त्राण नाही, बाई निपचित पडलीय, तर तेही तितकंच गंभीर. थर्मामीटर घरात ठेवा हो. हात लावून "जरा कोमट लागतंय" यावर मी कुणाचं ऐकत नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

पाळी चुकल्यापासून आठवडे मोजणं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं असतं. "चुकून पाच आठवडे झाले" म्हणजे साधारण नऊ झालेच.

पाचही गोळ्या एकदम घेणं, किंवा नंतरच्या चार पाण्याबरोबर गिळून टाकणं. पहिली एक, मग एक-दोन दिवसांनी चार, त्या गालात, जिभेखाली की योनीत हे डॉक्टर सांगतील तसं. पहिली घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर फोन करून विचारा.

दुखणं सहन करत बसणं. कशासाठी? आयब्युप्रोफेन चालतं, गोळ्यांच्या कामात अडथळा येत नाही, अल्सर किंवा ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ॲस्पिरिन मात्र नको. पेनकिलर घेऊनही कळा सोसवत नसतील तर दाखवायला या.

पाचव्या दिवशी यूपीटी, म्हणजे लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करणं. याचं तर मी काय करू. अंगातलं हार्मोन उतरायला वेळ लागतो, तीन-चार आठवड्यांपर्यंत दोन रेघा येऊ शकतात. दोन रेघा बघून घाबरून दुसरं किट मागवलेल्या पोरी माझ्याकडं आल्यात. डॉक्टरांनी साधारण १५ व्या दिवशी बोलावलेलं असतं, तेव्हा जा. आणि जाच, कारण गर्भ तसाच राहिला असेल तर त्याच्यात व्यंग यायचा धोका असतो, ते वेळेत कळायला पाहिजे. उलट सोनोग्राफीत नुसतं अस्तर जाड दिसलं, ताप नाही, रक्तस्राव कमी होत आलाय, तर क्युरेटिंगची घाई का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दोन आठवडे थोडं थोडं जात राहिलं, कधी पुढच्या पाळीपर्यंत डाग पडले, तर घाबरू नका. पाळी चार ते सहा आठवड्यांत येते.

डॉक्टरांशी खोटं बोलणं. यावर मला खूप बोलायचंय. आपल्याकडं चौकशीच्या भीतीनं बरेच मेडिकलवाले किट ठेवतच नाहीत, आणि २०१७ ला म्हैसाळचं प्रकरण झालं, बेकायदा गर्भपात करून पुरलेले स्त्रीभ्रूण सापडले, तेव्हापासून तर गर्भपात म्हटलं की लोकं आवाज खाली करतात. पण लिंगनिदान हा गुन्हा वेगळा, त्याचा कायदा १९९४ चा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला, आणि त्यात बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १८ पूर्ण असेल तर सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही, सासूची नाही. लग्न झालेलं असलंच पाहिजे असंही नाही. त्यामुळं गोळ्या कुठून का आणलेल्या असेनात, आमच्याकडं आल्यावर खरं सांगा, रिकामं पाकीट बरोबर आणा, किती वाजता घेतल्या ते सांगा. रक्तगट निगेटिव्ह असेल, रक्त पातळ करायची किंवा स्टिरॉइडची गोळी चालू असेल, तांबी बसवलेली असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर हे खरं तर गोळ्या घ्यायच्या आधी सांगायचं, पण राहिलं असेल तर निदान आता सांगा. सांगली, मिरज, सातारा, तिन्हीकडं सिव्हिल आहे, पैसे नाहीत म्हणून घरी थांबायचं कारण नाही.

आणि पाळी यायच्या आधीच परत दिवस जाऊ शकतात. दोन आठवड्यांच्या आतही बीज तयार होतं, "आत्ताच तर झालंय" असं म्हणून तीन महिन्यांत परत आलेल्या बायका दर वर्षी बघते. गर्भनिरोधक गोळ्या लगेच सुरू करता येतात, तांबी गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाली की बसवतात, १५ व्या दिवशी जाल तेव्हा तिथंच विचारून घ्या.